मान आधी पाहा, तारा नंतर निवडा

पत्राचा सारांश: पत्रलेखक गेले वर्षभर मित्राच्या बेस गिटारवर शिकत आहेत आणि आता तो बेस परत करायचा आहे. ओळखीच्या ओळखीतून त्यांना चार तारांचा, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसच्या धाटणीचा, सुमारे वीस वर्षे वापरलेला एक बेस विकत मिळतो आहे. तो दिसायला देखणा आहे, पण मित्राच्या बेसच्या मानाने त्याचा आवाज बद्द वाटतो, तारा फिंगरबोर्डपासून (मानेवरच्या बोटे दाबण्याच्या फळीपासून) बऱ्याच उंच आहेत आणि मानेला डोळ्यांना दिसेल इतका बाक आहे. "ट्रस रॉड थोडा फिरवला की सगळे सरळ होईल," असे विकणाऱ्याचे म्हणणे आहे (ट्रस रॉड म्हणजे मानेच्या आतली, तिचा बाक कमीजास्त करणारी सळई). सोबत वाजवणाऱ्यांपैकी एक जण म्हणतो, स्टेनलेस स्टीलच्या नव्या तारा लाव, आवाज खुलेल; दुसरा म्हणतो, जुन्या फ्लॅटवाऊंड तारा म्हणजे ठेवाच, त्यांना हात लावू नकोस. बोटे आखूड असल्यामुळे शॉर्ट स्केलचाच, म्हणजे तारांची लांबी कमी असलेला, बेस घ्यावा, असाही सल्ला मिळाला आहे. पत्रात जाता जाता एक वाक्य आले आहे: "वाजवून झाल्यावर बोटांची टोके काळी झाली होती आणि तारेवर नख फिरवले की कर्र असा आवाज येत होता." हा बेस घ्यावा का, आणि घेतल्यास त्याला कोणत्या तारा लावाव्यात, असे दोन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

प्रिय वाचक,

तुमच्या पत्रातले सर्वांत उपयोगाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते. फ्लॅटवाऊंड तारेवर बाहेरून चपटी पट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्यावरून नख काचेवरून सरकावे तसे घसरते. नख कर्र वाजले याचा अर्थ या बेसवरच्या तारा गोल वेढ्यांच्या, म्हणजे राऊंडवाऊंड आहेत. आणि बोटे काळी झाली याचा अर्थ त्या वेढ्यांच्या फटींमध्ये घाम, मळ आणि गंज साचला आहे. तेव्हा जुन्या फ्लॅटवाऊंडला हात लावू नये हा सल्ला एरवी कितीही खरा असला, तरी तुमच्यासमोरच्या बेसला तो लागू होत नाही. त्या तारा जाणारच आहेत. प्रश्न उरतो तो इतकाच, की त्या काढल्यावर हाती काय राहील.

तुम्ही आणि तारांबद्दल सल्ला देणारे तुमचे दोन्ही सोबती एक गोष्ट न बोलता धरून चालला आहात: आज जो आवाज ऐकला तो त्या बेसचा आवाज आहे. तो तसा नाही. तारेचे वजन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे असते तेव्हाच तिचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, मूळ स्वराशी जुळून राहतात. वेढ्यांत मळ बसला, फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) दाबून दाबून तारेच्या खालच्या अंगाला खळगे पडले, की हे वजन जागोजागी कमीजास्त होते. वरचे उपस्वर लवकर विझतात, स्वर टिकत नाही आणि बाराव्या फ्रेटवरचा स्वर मोकळ्या तारेच्या नेमका वरच्या सप्तकात लागत नाही. अशा तारांवर बेस बेसूर वाटला तर बेसला लगेच दोष देऊ नये, आणि आवाज बद्द वाटला तर लाकूडच बद्द आहे असेही समजू नये. विकणाऱ्याची हरकत नसेल तर नव्या तारांचा एक संच बरोबर न्या आणि किमान एक तार तिथेच बदलून ऐका. ते शक्य नसेल तर ॲम्प्लिफायर न जोडता, शांत खोलीत, प्रत्येक तारेवरचा प्रत्येक स्वर सावकाश वाजवा आणि कोणता स्वर किती वेळ टिकतो याकडे लक्ष द्या. आवाज मंद पण सर्वत्र सारखा मंद असेल, तर ते काम तारांचे आहे. शेजारशेजारच्या फ्रेटवर एक स्वर घुमतो आणि दुसरा चटकन मरतो असे होत असेल, तर शोध लाकडात आणि फ्रेटमध्ये घ्यायला हवा.

मित्राच्या बेसशी केलेली तुलनाही जरा तपासून पाहू. तुम्ही तो बेस बहुधा घरी, एकट्याने, लहान ॲम्प्लिफायरवर ऐकत आला आहात. मोकळ्या ई (E) तारेची, म्हणजे सर्वांत जाड तारेची, कंपने सेकंदाला सुमारे ४१ असतात आणि लहान स्पीकर इतका खालचा स्वर जवळजवळ देतच नाही. आपल्याला ऐकू येतात ते तिचे उपस्वर, आणि मूळ स्वर कान त्यांच्यावरून ताडतो. म्हणून एकट्याने वाजवताना ज्या तारेत उपस्वर भरपूर तीच "चांगली" वाटते. ड्रमच्या झांजा आणि गिटार सुरू झाल्या की तो खणखणाट त्यांच्यात विरून जातो आणि ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतो तो मधला, भरीव भाग. तुमचा कान चुकतो आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण बेस निवडताना एकदा तरी तो सर्वांबरोबर वाजवून पाहता आला, तर तो कौल अधिक खरा धरावा.

आता मानेकडे वळते. तारा तुम्ही दर वर्षी बदलू शकता. मान बदलणे म्हणजे जवळजवळ दुसरा बेस घेणे. माझा पहिला वापरलेला बेस मी त्याच्या रंगावर भाळून घेतला होता, आणि ट्रस रॉड थोडा फिरवला की झाले, हेच वाक्य मलाही ऐकवले गेले होते. घरी आणल्यावर कळले की रॉडचा नट आधीच शेवटपर्यंत आवळलेला होता आणि तरीही मान वाकलेलीच होती. त्यानंतर मी तीनदा वेगवेगळ्या तारा लावून पाहिल्या, आणि तिन्ही वेळा पैसे आणि उमेद दोन्ही वाया गेले. म्हणून हा भाग मी जरा सविस्तर लिहिते आहे.

बेसवरच्या चार तारांचा एकत्रित ताण पाऊणशे किलोच्या घरात असतो. तो मानेला पुढे ओढतो, आणि मानेच्या पोटातला ट्रस रॉड तिला मागे खेचून तोल राखतो. या दोघांच्या ओढाताणीत मानेला थोडासा बाक राहणे हा दोष नाही. उलट तार लांबवर हेलकावते तेव्हा मधल्या फ्रेटवर आपटू नये म्हणून तो लागतोच. किती बाक हवा हे पाहण्याची रीत सोपी आहे, पण तिला तिसरा हात लागतो, म्हणून सोबत कोणाला तरी न्या. बेस आधी नेहमीच्या सुरात लावून घ्या. मग ई तार पहिल्या फ्रेटवर दाबा आणि त्याच वेळी मान जिथे धडाला मिळते तिथल्या फ्रेटवरही दाबा. दोन्हीकडून दाबलेली तार आता सरळ पट्टीचे काम करते. सातव्या-आठव्या फ्रेटचा माथा आणि तार यांच्यामधली फट सोबतच्या माणसाला पाहायला सांगा. ती ०.३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे साध्या व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी असावी. तार न उचलता एक कार्ड जेमतेम सरकले तर मान ठीक आहे. तीन कार्डे एकावर एक ठेवून सहज गेली तर बाक जास्त आहे. आणि फटच दिसली नाही तर मान सपाट झाली आहे किंवा उलट्या बाजूला वाकली आहे.

बाक जास्त निघाला तर मालकाला तुमच्यासमोर नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव फेरा, आणि फक्त पाव फेरा, फिरवायला सांगा. तुम्ही स्वतः फिरवू नका, कारण वस्तू अजून तुमची झालेली नाही. नट मऊपणे फिरला, सूर पुन्हा लावल्यावर फट कमी झाली, तर विकणाऱ्याचे म्हणणे खरे ठरले आणि तुमची मोठी चिंता मिटली. नट हलतच नाही, पान्याची खाच झिजून गोल झाली आहे, किंवा फिरवूनही मानेत फरक पडत नाही, असे असेल तर किंमत कितीही उतरली तरी हा बेस सोडून द्या. काही बेसमध्ये हा नट मानेच्या धडाकडच्या टोकाला असतो आणि मान सोडवल्याशिवाय हाती लागत नाही. तसे असेल तर गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे बेस नेऊन ही परीक्षा करून घ्यावी, आणि मालकाने त्याला नकार दिला तर त्या नकाराचा अर्थ आपण लावावा.

मात्र मानेचा बाक आणि तारांची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि विकणाऱ्याच्या त्या वाक्यात नेमकी इथेच गफलत आहे. ट्रस रॉड बाकासाठी असतो. उंची ब्रिजवरच्या (धडावर तारा जिथे अडकवतात त्या पट्टीवरच्या) सॅडलने, म्हणजे प्रत्येक तारेखालच्या छोट्या आधाराने, ठरते. म्हणून सॅडलचे उंचीचे बारीक स्क्रू पाहा: त्यांना अजून खाली उतरायला जागा आहे का, की ते आधीच तळाला टेकले आहेत? जागा असेल तर मान ठीक झाल्यावर सतराव्या फ्रेटपाशी जाड तारेखाली सुमारे २.४ आणि बारीक तारेखाली सुमारे २ मिलिमीटर इतकी उंची सहज साधता यावी. सॅडल तळाला टेकूनही तारा उंचच राहत असतील तर मान धडात बसते तिथला कोन बदलावा लागेल, म्हणजे मानेच्या बुडाशी पातळ पट्टी घालावी लागेल. हे काम अवघड नाही आणि त्यात कमीपणाही नाही. फक्त त्याचा खर्च किमतीत धरावा. गंजून घट्ट बसलेले स्क्रू ही मात्र वेगळी कटकट आहे, तेव्हा ते फिरतात का हे पाहूनच घ्या.

बाकापेक्षा मला भीती वाटते ती पिळाची. बेस ब्रिजच्या बाजूने डोळ्यांसमोर धरा आणि शेवटच्या फ्रेटची रेषा व दूरच्या नटची (हा नट म्हणजे मानेच्या टोकाची, तारा जिच्या खाचांतून जातात ती पट्टी; रॉडचा नट नव्हे) रेषा एकमेकींना समांतर आहेत का, ते पाहा. एक रेषा कललेली दिसली तर मानेला पीळ पडला आहे, आणि साधा ट्रस रॉड पीळ काढू शकत नाही. फ्रेटवर तारेच्या खाली खळगे पडलेले असणे वीस वर्षांच्या बेसमध्ये साहजिक आहे; खळगे उथळ असतील तर फ्रेट घासून समतल करता येतात, पण फ्रेटची उंचीच उरली नसेल तर ते बदलावे लागतात आणि ते मोठे काम आहे. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर मन खट्टू होणार नाही: बोल्टने जोडलेल्या मानेच्या पुष्कळ बेसमध्ये 'जी' (G), म्हणजे सर्वांत बारीक, तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा स्वर इतरांपेक्षा लवकर विझतो. मानेचे लाकूड त्या स्वराला स्वतःच कंप पावून त्याची शक्ती ओढून घेते. हा त्या बांधणीचा स्वभाव आहे. त्या जागी तार फ्रेटवर खडखडत नसेल तर त्यासाठी चांगला बेस नाकारू नये.

विद्युत भागाबद्दल थोडक्यात. नॉब फिरवताना खरखर येणे ही धुळीची तक्रार आहे आणि ती स्वच्छतेच्या फवाऱ्याने बहुधा जाते. केबल हलवली की आवाज तुटत असेल तर जॅक घट्ट करावा किंवा बदलावा लागतो. १९५७ पासून प्रिसिजनचा पिकअप (तारांची कंपने विजेच्या संकेतांत बदलणारा भाग) दोन तुकड्यांचा असतो आणि त्याची रचनाच घरघर दाबून टाकणारी आहे, त्यामुळे अशा बेसमध्ये सतत मोठी घरघर येत असेल तर आतली जोडणी कोणी तरी चुकीची केली असण्याची शक्यता धरून झाकण उघडून पाहावे. बेस ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा असेल तर तिचा कप्पा उघडा. गळलेल्या बॅटरीची पांढरी-हिरवी बुरशी तिथे लगेच दिसते. बेस चोरीचा नाही याची खात्री म्हणून अनुक्रमांक लिहून घ्या आणि विकणाऱ्याकडून सहीनिशी पावती घ्या.

शॉर्ट स्केलच्या सल्ल्याला तुमच्याच हातांनी उत्तर दिले आहे, असे मला वाटते. मित्राच्या बेसवर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंतचे अंतर मोजा. ते ४३२ मिलिमीटर भरले तर तो ३४ इंची, म्हणजे नेहमीच्या मापाचा बेस आहे आणि तुम्ही वर्षभर त्यावरच वाजवत आला आहात. ३८१ भरले तर तो ३० इंची, म्हणजे शॉर्ट स्केल. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत ३४ इंची बेसवर सुमारे १३० मिलिमीटर आणि ३० इंचीवर सुमारे ११४ मिलिमीटर अंतर पडते. हा फरक खरा आहे आणि ज्यांचे मनगट किंवा अंगठ्याचे मूळ दुखते त्यांनी तो जरूर मानावा. पण खालच्या फ्रेटवर चार बोटे चार फ्रेटवर ताणून ठेवण्याचा हट्ट सोडला, आणि डबल बेस वाजवणारे करतात तसे पहिले, दुसरे आणि करंगळी यांनी तीनच फ्रेट सांभाळून हात सरकवत नेला, तर आखूड बोटांचा प्रश्न बराचसा सुटतो. त्यातून शॉर्ट स्केल घेतलाच तर तारा त्याच मापाच्या घ्याव्यात, आणि तीच जाडी तिथे जवळजवळ पाचव्या हिश्श्याने सैल लागते हे लक्षात ठेवावे. काहींना तो सैलपणा आवडतो, काहींना तार बोटाखालून निसटल्यासारखी वाटते.

मान पास झाली असे धरून आता तारांकडे येते. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला त्या काळात बेसवर फ्लॅटवाऊंड तारा असणे हीच रीत होती. बेसवादक जेम्स जेमर्सन यांनी मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत १९६२ च्या प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या जाड फ्लॅटवाऊंड तारा वाजवल्या आणि त्या बदलायचे ते सहसा टाळत. दुसरीकडे, १९६६ मध्ये 'द हू' बँडचे बेसवादक जॉन एन्टविसल यांच्या आग्रहातून रोटोसाऊंड कंपनीच्या राऊंडवाऊंड तारा घडल्या आणि बेसला पियानोसारखी धार आली. यावरून फ्लॅट म्हणजे जुने, मवाळ संगीत आणि राऊंड म्हणजे नवे, आक्रमक संगीत अशी वाटणी लोक करतात; पण आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे स्टीव्ह हॅरिस फ्लॅटवाऊंडवरच वाजवतात, आणि त्यांच्या संगीताला कोणी मवाळ म्हणणार नाही. संगीताचा प्रकार तारेची निवड ठरवत नाही. तुमचे बोट किती जोराने पडते, तारेवरून सरकताना होणारा आवाज तुम्हाला खुपतो की आवडतो, आणि प्रत्येक स्वर किती लांबवायचा असतो, यावर ती ठरते.

स्टेनलेस स्टीलबद्दल तुमच्या सोबत्याचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. आवाज खुलेल हे खरे. पण तो धातू कठीण असतो, फ्रेट लवकर झिजवतो आणि बोटांना खरखरीत लागतो. वीस वर्षे वाजलेल्या फ्रेटवर तो लावायचे मी टाळले असते. निकेलचा मुलामा दिलेल्या स्टीलच्या राऊंडवाऊंड तारा यांत मध्यावर बसतात: धार पुरेशी, झीज कमी. हाफवाऊंड तारांमध्ये गोल वेढे बाहेरून घासून सपाट केलेले असतात, आणि त्यांचा आवाजही राऊंड व फ्लॅट यांच्या मधलाच असतो. ज्यांचा बेस फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट नसलेला, आहे त्यांनी राऊंडवाऊंड तारा लाकूड ओरबाडतात हे ध्यानात घ्यावे. फ्रेटलेस बेसचे नामवंत वादक जॅको पास्टोरियस यांनी त्या लावल्या, पण फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा जाड थर देऊन.

तुम्हाला माझे सांगणे असे की पहिला संच निकेल मुलाम्याच्या राऊंडवाऊंड तारांचा, ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीचा घ्या. ही सर्वांत प्रचलित जाडी आहे, बहुतेक चार तारांच्या बेसचे नट तिच्याच मापाने कापलेले असतात, आणि तिच्यावर बेसचे गुणदोष स्पष्ट ऐकू येतात. दोन-तीन महिने वाजवा. डाव्या हाताची बोटे थकत असतील तर पुढचा संच ०.०४० ते ०.१०० चा घ्या. धार नकोशी वाटू लागली, टोन नॉब सतत बंदच ठेवावासा वाटू लागला, तर तो फ्लॅटवाऊंडचा कौल समजा. तेव्हा मात्र जाडीच्या आकड्यावर जाऊ नका. फ्लॅटवाऊंड तारा सहसा अधिक ताठ असतात, पण थोमास्टिकच्या जाझ फ्लॅट्स चांगल्याच सैल लागतात, म्हणून पाकिटावर ताण छापलेला असेल तर तो वाचावा. त्या महाग असतात, पण वर्षानुवर्षे चालतात, त्यामुळे दोन महिने थांबून घेतलेला निर्णय खिशालाही परवडतो.

तारा लावताना एक चूक फार जण करतात. तार खुंटीपासून दहा-बारा सेंटिमीटर पुढे मोजून, आधी तिथे काटकोनात घट्ट दुमडावी आणि दुमडीच्या पलीकडे कापावी. सरळ तार तशीच कापली तर बाहेरचे वेढे गाभ्यावरून सैल होतात आणि ती नवीकोरी तार पहिल्या दिवसापासून मेल्यासारखी वाजते. कापलेले टोक खुंटीच्या मधल्या भोकात सोडून दोन-तीन वेढे वरून खाली येतील असे गुंडाळावे, म्हणजे तार नटवर नीट दाबून बसते. सगळ्या तारा सुरात आल्या की लगेच पाना हाती घेऊ नका. मानेला नव्या ताणाशी जुळायला एक दिवस द्या. दुसऱ्या दिवशी आधी बाक पाहा, मग उंची, आणि सर्वांत शेवटी बाराव्या फ्रेटचा स्वर त्याच जागच्या हार्मोनिकशी (तार न दाबता, नुसता स्पर्श करून काढलेल्या स्वराशी) ताडा. दाबलेला स्वर चढा लागला तर सॅडल मागे, उतरा लागला तर पुढे. क्रम उलटा केला तर प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागते.

मित्राचा बेस परत करण्यापूर्वी त्यावरच्या तारा कोणत्या आणि किती जाडीच्या आहेत, हे त्याला विचारून घ्या. वर्षभर जो ताण तुमच्या बोटांना सवयीचा झाला आहे, तो आकडा तुमच्याकडे लिहिलेला असू द्या.